समुद्रकांठचीं तीन क्रीडांगणें

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्राची वाळू आणि नांगरटीची जमीन यांच्या मध्यें एक उंचसखल पट्टा आढळतो. त्यास तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. खारा वारा व रेताड माती यांमुळें तेथें पीक नीट येत नाहीं. परंतु बारीक, चिवट गवत उत्तम वाढतें आणि पावसाचें पाणी तात्काळ मुरतें. शेतकऱ्यानें सोडलेल्या या भूमीवरच गोल्फ वाढीस लागला. काठीनें चेंडू मारीत कमींत कमी फटक्यांत तो क्रमानें १८ खळ्यांत घालावयाचा, एवढाच हा खेळ.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांकडे एडिंबरो येथें वास्तव्य असतां अशीं तीन क्रीडांगणें आम्हीं पायीं हिंडून पाहिलीं. आम्ही स्वतः खेळाडू नव्हे. तथापि यांत श्रेष्ठ कोणतें, हा वाद घरीं नित्य चाले, आणि त्यांत आम्हांसही मत देणें प्राप्त झालें.

केवळ मौजेचा विचार केल्यास पहिला मान नॉर्थ बेरिकचा. येथें जुन्या दगडी भिंती वाटेंत आडव्या येतात. तेराव्या खळीभोंवतीं कापलेली हिरवळ तर भिंतीच्या अगदीं पलीकडे. चेंडू भिंतीवरूनच टाकावयाचा! पंधराव्या खळीस ‘रेडॅन’ हें क्रिमियाच्या युद्धांतील तटबंदीचें नांव मिळालें आहे. तेथील हिरवळ तिरपी असल्यामुळें थेट नेम न धरतां उजव्या अंगास चेंडू टाकून तो उतारानें घरंगळूं द्यावा लागतो. या युक्तीचें अनुकरण पुढें जगभर झालें.

कसोटीच पाहावयाची असेल तर कार्नूस्टीस जावें. बॅरी बर्न नांवाचा ओढा शेवटच्या दोन खळ्यांच्या वाटेंत नागमोडी शिरला आहे. १९९९ सालच्या ओपन स्पर्धेंत झां व्हान द व्हेल्ड या फ्रेंच खेळाडूस शेवटची खळी सहा फटक्यांत गांठली तरी जय होता. चेंडू ओढ्यांत गेला, गृहस्थ जोडेमोजे काढून पाण्यांत उतरला, आणि एकंदर सात फटके लागले! पुढें बरोबरी सोडविण्याच्या डावांत पॉल लॉरी विजयी झाला. आम्हां शिक्षकांच्या भाषेंत हें क्रीडांगण म्हणजे वार्षिक परीक्षा होय. परंतु परीक्षा रोज कोण देईल?

सेंट अँड्र्यूजचें ‘ओल्ड कोर्स’ प्रथमदर्शनीं निराशा करतें. उघडा माळ आणि ११२ वाळूचे खड्डे. त्यांतील एकाचें नांव तर ‘नरक’! मात्र वाट विलक्षण रुंद आहे. नवशिका डावीकडून सुखरूप जातो; पुढचा फटका सोपा हवा असलेल्या कुशल खेळाडूस बहुधा उजवीकडील संकटाजवळून जावें लागतें. वारा फिरला कीं कालचा धडा आज निरुपयोगी ठरतो. म्हणून आजोबा व नातू येथें एकाच डावांत रमूं शकतात, आणि चांगल्या काव्याप्रमाणें शंभराव्या आवृत्तीसही कांहीं नवें हातीं लागतें.

शिवाय ही भूमि गांवाची आहे. १५५२ सालच्या सनदेंत नागरिकांचा येथें खेळण्याचा हक्क नमूद झाला. १९७४ सालच्या कायद्यानें तिची व्यवस्था विश्वस्तांकडे आली. दूरदेशींचे धनिक येथें दाटी करतात, तरी गांवकरी वार्षिक वर्गणीवर खेळतात. रविवारीं सामान्यतः खेळ बंद असतो, आणि त्याच हिरवळीवर लेंकुरवाळीं माणसें, म्हातारेकोतारे खुशाल फिरतात.

सारांश, पाहुण्यानें नॉर्थ बेरिक पाहावें, पट्टीच्या खेळाडूनें कार्नूस्टी जिंकावें. पण घराशेजारीं जन्मभरासाठीं एकच क्रीडांगण मिळणार असेल, तर सेंट अँड्र्यूजच मागून घ्यावें, असें आमचें मत आहे.