खोलीचं तापमान वजा जाता

प्रोसेसरला तापमान असतं आणि ते मोजता येतं, हे कळण्याआधी कितीतरी वर्षं मी कॉम्प्युटर वापरत होते. नागपूरच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत ३८६ची यंत्रं होती. तिथे चपला बाहेर काढून जावं लागे आणि आत एसी असे. ३८६च्या चिपवर ना पंखा असायचा, ना हीटसिंक. उघडी चिप, वर छापलेली अक्षरं, बस्स. पुढे ४८६च्या वेगवान प्रकारांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा छोटा हीटसिंक दिसू लागला आणि १९९३ साली पेंटियम आला तेव्हापासून पंख्याची घरघर हा कॉम्प्युटरचा आवाजच होऊन गेला.

घरी पहिला असेम्बल्ड पीसी आला तेव्हा बायोसमधल्या ‘पीसी हेल्थ’ नावाच्या पानावर मला तो आकडा पहिल्यांदा दिसला. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सीपीयूचं तापमान, शेजारी पंख्याचे मिनिटाला किती फेरे, खाली व्होल्टेज. मला त्या पानाचं विलक्षण आकर्षण वाटलं. बंद डब्यात काय चाललंय ते एक यंत्र स्वतःहून सांगतंय, ही गोष्ट मला आजही साधी वाटत नाही. त्या काळी अनेक मदरबोर्डांवर तो संवेदक चिपमध्ये नसून चिपच्या खाली, सॉकेटच्या मधल्या पोकळीत बसवलेला असे. चिपची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागे आणि पोहोचेपर्यंत ती कमीही झालेली असे. पुढे इंटेलने चिपच्या आतच डायोड दिला, तेव्हा आकडा खऱ्याच्या जवळ आला. प्रोसेसर बदलला की आकडा वाढला म्हणून लोक घाबरत. बरेचदा वाढलेलं असे ते फक्त मोजमापाचं भान.

आमच्या घरात तापमान लिहिण्याची सवय बाबांची. हॉलच्या भिंतीवर त्यांनी पाऱ्याचं एक थर्मामीटर लावलं होतं. रोज दुपारी आणि रात्री त्यावरचा आकडा बघून ते कालनिर्णयच्या त्या त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहीत. नागपुरात हे वेड समजून घेण्यासारखं आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात, आणि प्रत्येक घरात कूलरच्या नव्या ताट्या, पाण्याची टाकी आणि कालच्यापेक्षा आज किती, हाच विषय असतो. मी कॉम्प्युटरचे आकडे वहीत लिहू लागले ते बाबांचं बघून. काम कोणतं चालू होतं, आकडा किती, तारीख कोणती. शेजारच्या कॅलेंडरवर खोलीचा आकडा होताच.

ही दोन नोंदी शेजारी ठेवण्याची सवय सर्वांत कामी आली ती पेंटियम ४च्या काळात. २००४ साली आलेली त्याची ‘प्रेस्कॉट’ पिढी ९० नॅनोमीटरच्या तंत्रावर बनलेली होती. जेमतेम ११२ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून काही मॉडेल्स ११५ वॉटपर्यंत उष्णता बाहेर टाकत. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसोबत १९७४ साली मांडलेला हिशेब असा होता, की ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसं त्यांचं व्होल्टेजही उतरवता येईल आणि तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढणार नाही. तीस वर्षं तो हिशेब जवळपास जुळत आला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. २००४च्या मे महिन्यात इंटेलने प्रेस्कॉटच्या पुढचा ‘तेजस’ नावाचा प्रोसेसर रद्द केला आणि एकाच कोअरचा वेग वाढवत नेण्याऐवजी दोन कोअरची वाट धरली. एका उद्योगाने आपली दिशाच बदलावी इतकी ही उष्णता मोठी होती. मला हा प्रसंग संगणकाच्या इतिहासातला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही याची खंतही वाटते.

माझ्याकडे त्याच पिढीतला, ८४ वॉटचा प्रोसेसर होता. २००६च्या मे महिन्यात, घरातल्या लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी बनवताना मशीन आधी अडखळू लागलं आणि मग सरळ बंद पडू लागलं. बायोसमध्ये ८५ अंशांची मर्यादा लावलेली होती, तिथे पोहोचलं की वीज तोडायची. ज्याने त्याने एकच सांगितलं: ऊन फार आहे, एसी लावा. ऊन होतंच. दुपारी हॉलमध्ये ४० असायचे, आणि लोडशेडिंगच्या तासांत यूपीएसवर कॉम्प्युटर चालू राही पण कूलर बंद. पण हेच मशीन, हेच काम, आदल्या वर्षीच्या मे महिन्यातही होतं.

मी वही काढली आणि बाबांनी जपून ठेवलेली जुनी कॅलेंडरं. आदल्या मे महिन्यात व्हिडिओचं काम चालू असताना प्रोसेसर ७५ आणि त्या दुपारी खोली ४०. फरक ३५. नंतर दिवाळीच्या सुमारास आम्ही घर बदललं. जानेवारीतली नोंद होती ६८. बघायला गेलं तर ६८ हा ७५पेक्षा कमी, म्हणजे सगळं छान. पण जानेवारीतल्या त्या रात्री कॅलेंडरवर २१ लिहिलेले होते. फरक ४७. म्हणजे बिघाड मे महिन्यात झालेलाच नव्हता. तो सामानाच्या टेम्पोतून नव्या घरी आला होता, आणि थंडीने त्याला चार महिने झाकून ठेवलं होतं.

प्रोसेसरवरच्या, हवेने थंड करणाऱ्या कूलरचा हिशेब सरळ असतो. प्रोसेसर जितके वॉट टाकतो त्या प्रमाणात तो सभोवतालच्या हवेपेक्षा काही अंश वर राहतो. कूलर नीट असेल तर तो फरक ठरावीक राहतो आणि खोली तापली की वरचा आकडाही तेवढाच वर सरकतो. फरकच वाढला तर दोष ऋतूचा नाही, वाटेतला आहे. ती वाट चिपपासून वरच्या धातूच्या झाकणात, तिथून थर्मल पेस्टमधून हीटसिंकमध्ये आणि हीटसिंकमधून हवेत जाते. कुठे अडलंय ते डबा उघडण्याआधीही बरंचसं कळतं. काम सुरू करताच आकडा क्षणात उसळला आणि काम थांबवताच धाडकन खाली आला, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. तिथे पेस्ट वाळली आहे किंवा दाब सुटला आहे. आकडा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर हीटसिंकपर्यंत उष्णता येते आहे पण पुढे जात नाही. तिथे धूळ, पंखा किंवा डब्यातली कोंडलेली हवा बघायची. नंतर मशीन बंद करून हीटसिंकला हात लावायचा. आकडा ऐंशीच्या घरात आणि पट्ट्या कोमट, म्हणजे पहिलाच प्रकार.

आमच्या पट्ट्या कोमट होत्या. त्या काळच्या कूलरला प्लास्टिकच्या चार खुंट्या असत. त्या मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवायच्या. त्यांतली एक वर सरकलेली होती, टेम्पोच्या धक्क्यांनी असणार. कूलर एका कोपऱ्यात केसभर उचलला गेला होता. सीताबर्डीच्या एका दुकानातल्या भाऊंनी पेस्टची छोटी सिरिंज दिली आणि बजावलं, “ताई, वाटाण्याएवढी, त्याहून जास्त नाही.” त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पेस्टचं काम दोन धातूंच्या पृष्ठभागांमधल्या बारीक खळग्यांतली हवा हटवणं एवढंच. धातूच्या मानाने पेस्ट स्वतः उष्णता फार वाईट वाहून नेते, म्हणून जाड थर लावला की तीच आड येते. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, चारही खुंट्या टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. फरक पुन्हा ३५च्या आसपास आला. बाबांनी त्या दिवशीच्या चौकोनात खोलीच्या आकड्याखाली प्रोसेसरचाही आकडा लिहिला.

कोअर २ ड्युओच्या काळात प्रत्येक कोअरमध्ये डिजिटल संवेदक आले आणि मामला अधिक नाजूक झाला. हे संवेदक थेट तापमान सांगत नाहीत. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत तेवढंच सांगतात. मर्यादा किती हे प्रोग्रॅमने गृहीत धरायचं आणि वजाबाकी करून आकडा दाखवायचा. सुरुवातीला ती मर्यादा कोणी ८५ धरी, कोणी १००, आणि एकच चिप दोन प्रोग्रॅमांत १५ अंशांच्या फरकाने दिसे. शिवाय हे संवेदक मर्यादेजवळ भरवशाचे आणि थंड असताना ढिले. डिसेंबरातल्या एका पहाटे खोलीत १८ असताना माझा एक कोअर १४ दाखवत होता. हवेच्या कूलरने कोणतीही वस्तू खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. भिंतीवर थर्मामीटर होतं म्हणूनच तो आकडा अशक्य आहे हे दिसलं.

२०१७ साली एएमडीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांनी तर मुद्दामच वीस अंश जास्त दाखवले. निरनिराळ्या मॉडेल्सचे पंखे सारख्याच धोरणाने फिरावेत म्हणून तो वाढीव आकडा ठेवल्याचं कंपनीने स्पष्ट केलं. आणि मे २०२४च्या अखेरीस आमच्या नागपुरातच एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले, ती बातमी देशभर झाली. संवेदकात बिघाड होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. त्या दिवशी मला शहराविषयी काळजी वाटली, पण पहिला प्रश्न मनात आला तो शेजारच्या केंद्रावर किती होते, हा.

आता पुण्यात शिकणारी भाची व्हिडिओ कॉलवर विचारते. तिचा लॅपटॉप प्रोजेक्ट कंपाइल करताना ९५वर जातो. मी खोलीत किती आहे ते विचारलं, लॅपटॉप कशावर ठेवलाय ते विचारलं. गादीवर होता. तिने तो टेबलावर घेतला, मागच्या बाजूने दोन पुस्तकं लावून उचलला, जाळीतली धूळ ब्रशने काढली आणि तेच काम पुन्हा लावलं.

“मावशी, अजूनही ९५च आहे.”

“त्याच्या शेजारचा रकाना बघ. वेग किती?”

मघाशी तो २.६ गिगाहर्ट्‌झ होता, आता ३.४. आजचे बरेच प्रोसेसर असेच घडवलेले असतात. जेवढी उष्णता बाहेर टाकता येईल तेवढं काम वाढवत ते मर्यादेपाशी जाऊन थांबतात. रायझन ७००० मालिकेबद्दल तर २०२२ साली कंपनीनेच सांगितलं, की पूर्ण भाराखाली ९५ अंश हे तिचं ठरवलेलंच ठिकाण आहे. अशा यंत्रात नुसतं तापमान बघून निदान होत नाही. कूलरची सुधारणा दिसते ती वेगात आणि कामाला लागलेल्या वेळात. मी तिला दोन्ही वेळचा वेग, कंपाइलला लागलेली मिनिटं आणि खोलीचं तापमान लिहून ठेवायला सांगितलं. उन्हाळा लागला की हेच काम पुन्हा करून बघायचं, आणि तोवर लॅपटॉप उघडायचा नाही.