एलानातलं नाव

मशिदीच्या भोंग्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलून झालं आहे. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये तर दुसरा विषयच नव्हता. पण ती सगळी चर्चा अजानची होती. त्याच भोंग्यावरून आणखी एक गोष्ट येते, तिच्याकडे ना विरोध करणाऱ्यांचं लक्ष गेलं, ना बाजू घेणाऱ्यांचं. ती म्हणजे एलान.

पेठेतल्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात राहिलेल्याला एलान म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नमाजची वेळ नसताना भोंगा खरखरला की हातातलं काम थांबतं. बांगीसाब दोनदा फुंकर मारतात. मग 'हजरात, एक जरूरी एलान समाअत फरमाइए'. तोवर आम्ही बायका खिडकीशी पोहोचलेल्या असतो. कधी मूल हरवलेलं असतं, कधी कुणाची पिशवी सापडलेली असते, कधी उद्या पाणी येणार नसतं. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद दिसला की नाही, हे कळतं तेही त्याच भोंग्यावरून. आणि बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं असतं. एलान संपायच्या आत समोरच्या गॅलरीतून प्रश्न येतो, 'कौन गुजर गया गे?'

आमच्याकडे मयत फार वेळ घरात ठेवत नाहीत. सकाळी माणूस गेला तर असर किंवा मगरिबनंतर जनाजा. पुण्याच्या वर्तमानपत्रांत निधनवार्तेचा रकाना वर्षानुवर्षं चालू आहे. 1932 साली नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' काढला, तेव्हापासून गावातल्या, गल्लीतल्या बातमीला इथल्या पेपरात मानाची जागा मिळाली. पण आमच्या माणसाची बातमी उद्याच्या पेपरात येईपर्यंत त्याला मिट्टी देऊन झालेली असते. पेपरच्या घड्याळात आमचं मरण बसत नाही. म्हणून एलानाशिवाय गत नाही. तोच आमचा पेपर.

आणि हा पेपर बायकांपर्यंत पोहोचायचा, हे त्याचं मोठेपण. आमच्याकडच्या बहुतेक मशिदींत बायका जात नाहीत. जुम्म्याचं बयान पुरुष ऐकतात, मशिदीच्या दारातला फळा पुरुष वाचतात. आमच्यापर्यंत मशिदीतून थेट यायची ती अजान आणि एलान. त्यातली अजान तर सगळ्यांना पाठ. नवी बातमी असायची ती एलानात.

2022 नंतर आमच्या मशिदीने आवाज खाली आणला. कायद्याप्रमाणे आणला, ठीकच केलं. आजारी माणसं आणि परीक्षेची पोरं आमच्याही घरात आहेत. पण आवाज कमी झाला तसं एलान हळूहळू व्हॉट्सअॅपवर गेलं. जमातीचा ग्रुप आहे, त्यात घरटी एक माणूस. तो माणूस अर्थातच पुरुष. नवरा दुकानातून रात्री दहाला येतो आणि जेवता जेवता सांगतो, 'वो मोड पे की खालाजान थी ना, उनकी मिट्टी हो गई.' ती खालाजान आदल्या आठवड्यात आपल्याकडे बसून चहा पिऊन गेलेली असते. आपण तिचं तोंडही पाहिलं नाही, तिच्या सुनेजवळ बसलो नाही. भोंग्याचा वाद दोन्ही बाजूंच्या पुरुषांनी लढवला आणि त्यात बायकांची बातमी बंद पडली, याची नोंद कुठे झाली नाही.

आता दुसरी गोष्ट, जी भोंगा मोठा होता तेव्हाही होतीच. एलानात गेलेल्या पुरुषाचं नाव घेतात, बाईचं घेत नाहीत. 'फलाँ साहब की अहलिया', 'फलाँ भाई की वालिदा', फार तर 'फलाँ टेलरवाले की खुशदामन'. अहलिया म्हणजे बायको, खुशदामन म्हणजे सासू. नाव नाहीच.

माझी खाला 31 वर्षं मराठी शाळेत शिक्षिका होती. पहिली-दुसरीची मुलं तिच्याकडे असत. भवानी पेठ, गंज पेठ, घोरपडे पेठ या भागातल्या किती पोरांना तिने अक्षरं गिरवायला लावली, याचा हिशेब नाही. रिक्षावाले, भाजीवाले, बँकेतले साहेब तिला रस्त्यात थांबवून 'बाई, ओळखलं का?' म्हणत, आणि ती नुसतं ओळखायची नाही, तर कोणत्या बाकावर बसायचा तेही सांगायची. ती गेली दुपारी. इशानंतर दफन ठरलं. एलान झालं ते तिच्या नवऱ्याच्या आणि थोरल्या मुलाच्या नावाने. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. मुलगा कोंढव्याला राहायला गेलेला, पेठेत त्याला ओळखणारे थोडेच उरलेले. एलान उर्दूत. तिचे विद्यार्थी, मुसलमानही आणि हिंदूही, आजूबाजूच्याच गल्ल्यांत होते. त्यांनी भोंगा ऐकला असेल, पण ऐकून त्यांना काय कळणार? कुणाची तरी वालिदा गेली. बाई गेल्या, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी चौकातल्या गणपती मंडळाच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिलेल्या दिसल्या. एरवी त्यावर रक्तदान शिबिर, आरतीची वेळ, नाहीतर पुणेरी टोमणा असतो. त्या दिवशी तिचं पूर्ण नाव होतं, पुढे 'बाई', आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कुठल्या तरी विद्यार्थ्याला मागाहून कळलं असणार. तो अजून मला सापडलेला नाही. माझ्या खालाचं नाव मरणानंतर पहिल्यांदा जाहीरपणे लिहिलं गेलं ते गणपती मंडळाच्या फळ्यावर, मराठीत. मला त्या फळ्याबद्दल माया वाटली आणि आपल्या लोकांचा राग आला. दोन्ही एकदमच.

तुम्ही विचाराल, मग या लेखात तरी तिचं नाव का नाही? मी तिच्या मुलांना विचारलं. दोघंही शिकलेले, चांगले. धाकटा म्हणाला, 'आपा, इंटरनेट पे अम्मी का नाम? लोग क्या बोलेंगे?' त्यांच्या आईचं नाव त्यांच्या परवानगीशिवाय लिहायचं नाही म्हणून मी थांबले. पण एवढं खरं, की हा प्रश्न बांगीसाबांच्या माइकपुरता नाही. तो आमच्या घरातून माइकपर्यंत जातो.

हे सारं दीनचंच आहे असं कुणी म्हणेल, म्हणून दीनचंच बोलू. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक काळी बाई होती. काही रिवायतींत पुरुष म्हटलं आहे, पण बहुतेक ठिकाणी ती बाईच आहे. ती रात्री वारली. लोकांनी आपसात दफन उरकलं, प्रेषितांना कळवलं नाही. झाडू मारणारी तर होती, तिच्यासाठी त्यांना कशाला उठवायचं, असा विचार. ती दिसेना तेव्हा प्रेषितांनी विचारलं, आणि कळल्यावर मला का सांगितलं नाहीत, असं म्हणून ते तिच्या कबरीवर गेले आणि तिथे नमाज पढले. ही हदीस बुखारीत आहे, मुस्लिममध्ये आहे. आमचे मौलवी ती सांगतात ते नम्रतेचा धडा म्हणून. मला त्यात एलानाचा धडा दिसतो. कोण गेलं हे कळवण्याजोगं आहे आणि कोण नाही, हे लोकांनी ठरवलं होतं. प्रेषितांनी ते मान्य केलं नाही.

आणि नावाचं म्हणाल तर खदीजा, आयेशा, फातिमा ही नावं मिंबरवरून घेतली जातात. त्याने कुणाची बेअदबी होत नाही. उम्मतच्या आयांची नावं साऱ्या जगाला पाठ आणि मोहल्ल्यातल्या आईचं नाव झाकून ठेवायचं, हा नियम कुठल्या किताबातून आला ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आमच्या नवऱ्यांच्या-भावांच्या संकोचातून तो आला, असं मला वाटतं. तो संकोच पेठेतल्या जुन्या हिंदू घरांतही होता. तिथेही बायका 'अमक्याची आई' म्हणूनच जगल्या. पण निधनवार्तेच्या रकान्यात तरी त्यांचं नाव आधी येऊ लागलं आणि 'त्यांच्या मागे' मुलं-सुना-नातवंडं आली. आमच्या एलानात बाईच तिच्या मुलांच्या मागे उभी असते.

मध्यंतरी कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या इन्युइट लोकांबद्दल वाचत होते. बर्फातल्या छोट्या छोट्या वस्त्या, एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही, विमानाने जायचं. तिथे गावाचा रेडिओ असतो आणि त्यावरून त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत गावचं सगळं सांगतात. कुणाचं काय हरवलं, कोण आजारी, शिकार मिळाली, मांस न्यायला या, अमक्याचं दफन अमक्या वेळी. वाचताना मला आमचे बांगीसाबच दिसत होते. इग्लुलिक नावाच्या गावाने तर 1970 च्या दशकात दोनदा मतदान घेऊन टीव्ही नाकारला, कारण त्यात त्यांच्या भाषेतलं काही नव्हतं. 1981 मध्ये इन्युइटांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली. आपली बातमी आपल्या भाषेत हवी, या हट्टापायी एका गावाने एवढी मोठी करमणूक दारात थांबवून ठेवली.

त्याच लोकांच्या नावांची गोष्टही वाचली. कॅनडाच्या सरकारला त्यांची नावं उच्चारता येईनात, कागदावर बसवता येईनात, म्हणून 1940 च्या दशकात प्रत्येकाला नंबर कोरलेला बिल्ला दिला. गळ्यात घाला, नाहीतर कपड्याला शिवा. सरकारी कागदोपत्री माणूस म्हणजे तो नंबर. ही पद्धत 1970 च्या सुमारास आडनावं देऊन मोडीत काढली. आणि हे कुणाच्या बाबतीत, तर ज्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या जन्मलेल्या बाळाला देतात, मग मुलगा असो की मुलगी, आणि त्या नावाबरोबर माणसाचं नातंही पुढे चालतं असं मानतात, त्यांच्या बाबतीत. त्यांची नावं परक्या सरकारने घेतली. आमच्या बायकांची नावं घ्यायला सरकार आलं नव्हतं.

भाषेचंही तसंच. आमच्या मोहल्ल्यात घरी दखनी, शाळेत मराठी. नव्या पिढीतल्या निम्म्याहून जास्त पोरांना मशिदीच्या फळ्यावरचं उर्दू वाचता येत नाही. माझ्याच मुलाला येत नाही. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून आम्ही सांगत आलो की मराठी ही आमचीही भाषा आहे. कवितेत ते सिद्ध झालं, कथेत झालं. मरणाच्या सूचनेत अजून झालं नाही. उर्दूने सांगू नका असं मी म्हणत नाही. त्या एलानात एक गांभीर्य आहे, ते ऐकतच मी वाढले. पण त्यापाठोपाठ चार वाक्यं मराठीत सांगायला एक मिनिट लागत नाही. शेजारचे काका-काकू, शाळेतले सहकारी, कारखान्यातले सोबती यांनाही यायचं असतं. त्यांना वेळ कळत नाही, कब्रस्तान कुठलं ते कळत नाही, आणि मग दोन्हीकडे समज होतो की ते आले नाहीत, यांनी बोलावलं नाही.

खालाच्या चाळिसाव्यानंतर मी आमच्या ट्रस्टच्या सदरसाहेबांकडे गेले. तीन मागण्या घेऊन. मयत बाईची असेल तर तिचं नाव घ्या. एलान मराठीतही करा आणि फळ्यावर देवनागरीतही लिहा. आणि बायकांचा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप करून त्यावरही टाका. साहेबांनी चहा दिला. तिसरी मागणी लगेच मान्य केली, 'वो तो आप लोगाँच चलाओ.' दुसरीवर म्हणाले, पुढच्या मीटिंगला ठेवतो. पहिलीवर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'घरवाले नाम देंगे तो हम लेंगे, बाई. हमें कौन रोकता? पर नाम देता कौन है?'

त्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नाही. चिठ्ठी घरून जाते. बांगीसाब चिठ्ठीत असेल ते वाचतात.

बायकांचा ग्रुप सुरू होऊन आता आठ महिने झाले. त्यात आम्ही नावानिशी लिहितो. सुरुवातीला एकदोघींना त्यांच्या नवऱ्यांनी टोकलं, मग सवय झाली. गेल्या महिन्यात एका घराने मशिदीतही चिठ्ठी नावासकट पाठवली. नाव ऐकून समोरच्या गॅलरीतल्या भाभी म्हणाल्या, 'हाय अल्ला, उनका नाम ये था?' तीस वर्षं एका नळावर पाणी भरलं होतं दोघींनी.

मी माझी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. मुलाच्या कपाटात, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये. आधी माझं नाव, या लेखांखाली असतं तेच, पूर्ण. मग नवऱ्याचं, मुलांचं. उर्दूत एकदा, मराठीत एकदा. वेळ आणि कब्रस्तानची जागा मोकळी सोडली आहे, ती त्यांनी भरायची. खाली लिहिलं आहे की चौकातल्या फळ्यावरही लिहावं. मंडळाच्या पोरांना आधी विचारून ठेवलं आहे. ते म्हणाले, 'मावशी, असं काय बोलता!' पण नाही म्हणाले नाहीत.