साडेनऊशे किलोमीटरवरचं माहेर



आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागातले. इथे येऊन चार पिढ्या झाल्या. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येणार, ही घरातली रीत कधी चुकली नाही. माझ्या लेकीच्या वेळी मात्र माहेरालाच उठून तिच्याकडे जावं लागलं, तेही नॉर्वेतल्या ट्रोम्सोला.

लेक-जावई राहतात त्याहून वर, स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनला, 78 अंश उत्तरेला. तिथे लहानसं हॉस्पिटल आहे, पण बाळंतपणं करत नाहीत. तारखेच्या तीनेक आठवडे आधी बाईनं मुख्य भूमीवर जायचं. जवळचं मोठं हॉस्पिटल ट्रोम्सोचं. हवाई अंतर साधारण 960 किलोमीटर, विमानाला एक तास चाळीस मिनिटं.

आमच्या ह्यांनी मोजून पाहिलं, तर मुंबई-ग्वाल्हेरचं हवाई अंतरही जवळपास तेवढंच. पण मुंबईहून विमान चुकलं तर पंजाब मेल आहे. वाटेत भुसावळ, भोपाळ, झाशी आहे. तिथे मध्ये नुसता समुद्र. 1975 साली विमानतळ सुरू होण्याआधी समुद्र गोठला की महिनोन्‌महिने बोट येत नसे म्हणे. शिवाय स्वालबार्डवर राहायला व्हिसा लागत नाही, पण ट्रोम्सोला उतरायला शेंगेन व्हिसा पाहिजे. एकाच देशात पासपोर्ट दाखवायचा!

नोव्हेंबरात मी डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा घेऊन पोचले. लेक आधीच आली होती. जावई कामामुळे मागून, तारखेच्या चार दिवस आधी यायचे होते. कळा आठवडाभर आधीच सुरू झाल्या.

जावयांनी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. वाऱ्यानं ते विमान रद्द झालं. पुढच्या विमानात जागा मिळाली, तेही लटकलं. इकडे लेक माझा हात घट्ट धरून एकच विचारत होती, "आई, निघाले का गं ते?" मी दर वेळी म्हणायचे, "निघतीलच." रात्री नात झाली. तिचं पहिलं रडणं बापानं फोनवर ऐकलं.

एक तास चाळीस मिनिटांच्या वाटेला त्यांना दीड दिवस लागला. आल्याबरोबर म्हणाले, "आई, तुम्ही होतात म्हणून." पुढे बोलवेना त्यांना. मी म्हटलं, "अहो, हात धुवा आणि लेकीला घ्या आधी."

आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं आता अशी लांब आहेत. तिथे जायला किती तास लागतात हे आपण विचारतोच. हवा बिघडली तर पुढचं विमान कधी, हेही विचारून ठेवा. आणि आईला जमत असेल तर तिनं चार दिवस आधीच पोचावं.

त्यांच्या परतीच्या दिवशी मी बॅगेत दोन दिवसांचे जास्तीचे कपडे, लंगोट आणि उरलेले लाडू भरून दिले. विमान अगदी वेळेवर सुटलं. नात सगळा वेळ झोपून होती म्हणे.