दिल्लीतला फराळ

महाराष्ट्रात दिवाळी म्हटली की पहाट आठवते. दिल्लीत दिवाळी म्हणजे संध्याकाळ. तिथे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीला खरी दिवाळी म्हणतात आणि आदल्या दिवसाला 'छोटी दिवाली'. आपल्याकडे वसुबारसेला पहिली पणती लागते, नरक चतुर्दशीला अंधारात अभ्यंगस्नान होते आणि त्यानंतर सगळे फराळाला बसतात. पंचांगही वेगळे आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे दिवाळीची अमावास्या तिथे कार्तिकातली आणि आपल्याकडे आश्विनातली. रात्र मात्र एकच असते.

माझे वडील सैन्यात आहेत. गेली दोन वर्षे ते फील्डमध्ये आहेत. आई आणि धाकटी बहीण दिल्ली छावणीतील क्वार्टरमध्ये राहतात. मी शाळेच्या वसतिगृहात असतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला जातो. माझ्या सामानात आजीने दिलेली पिशवी असते. तिच्यात उटणे, मोती साबण, अनारशाचे पीठ आणि कागदात गुंडाळलेली चार कारिटे. डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडल्याशिवाय आमच्या घरी दिवाळी सुरू होत नाही.

उरलेले सामान आई आयएनए मार्केटमधून आणते. तिथे सगळ्या प्रांतांचे जिन्नस मिळतात. चिवड्याचे पातळ पोहे ती हातात घेऊन चुरून बघते. जाड पोहे चालत नाहीत, ते तेल पितात.

आमच्या घरी फराळाचे काम चकलीच्या भाजणीने सुरू होते. प्रमाण ठरलेले आहे: ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, शिवाय धणे आणि जिरे. प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर दाताला कडक लागते. आई म्हणते, "चकलीला घाई चालत नाही आणि आळसही चालत नाही." आमच्या ड्रिल उस्तादांचेही साधारण हेच म्हणणे असते.

अनारशाला तर सगळ्यात जास्त धीर लागतो. तांदूळ ३ दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत कापडावर सुकवायचे, कुटून चाळायचे, गूळ घालून मळायचे आणि ते पीठ काही दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचे. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचे नाही. एवढे करूनही जाळी पडेल की नाही, हे कढईत सोडल्यावरच कळते.

शेजाऱ्यांना आमचा फराळ ओळखीचा वाटतो आणि थोडा अनोळखीही. करंजी पाहून समोरच्या आंटी दर वेळी विचारतात, "होली पर गुजिया बनाते हैं, आप दिवाली पर क्यों?" शंकरपाळ्यांना त्या शक्करपारे म्हणतात. त्यांच्या घरून आमच्याकडे काजूकतली येते आणि पूजेच्या खील-बताशांची पुडी येते. आपणही लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासेच ठेवतो, हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता.

नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळी छावणी झोपलेली असते. आमच्या ब्लॉकमध्ये मात्र दोन घरांत दिवे लागलेले असतात. एक आमचे आणि दुसरे वरच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबाचे. तमिळनाडूत दिवाळी म्हणजे हीच पहाट. तेही सूर्योदयापूर्वी अंगाला तेल लावून स्नान करतात, नवे कपडे घालतात आणि मग गोडधोड खातात. सकाळी त्यांच्या आंटी मुरुक्कूचे ताट घेऊन खाली येतात आणि आई चकलीचे ताट घेऊन वर जायला निघते. जिन्यातच दोन्ही ताटांची अदलाबदल होते. दोघींचे साचेही जवळजवळ सारखेच आहेत, पितळेचे आणि जड.

त्यांचा मुलगा माझ्या बहिणीच्या वर्गात आहे. सुट्टीत मी क्वार्टरच्या मागे किल्ला करायला घेतला, तेव्हा तो मातीची घमेली वाहायला आला. "कोणता करायचा?" असे मी विचारले. बहीण म्हणाली रायगड. मी म्हटले, या वेळी जिंजी करू. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. शिवाजी महाराजांनी तो १६७७ मध्ये जिंकला. पुढे राजाराम महाराज तिथे गेले आणि मोगलांच्या वेढ्यात तो १६९८ पर्यंत झुंजत राहिला. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी करायची म्हणून माती दुप्पट लागली. त्या मुलाने आपले गाव कुठे आहे ते काडीने जमिनीवर काढून दाखवले. डोंगरावर आम्ही आळीव पेरले. मावळे माझे होते, हत्ती त्याच्या खेळण्यातला.

आता बाबांच्या पार्सलविषयी. फील्डमधल्या जवानाच्या पत्त्यात ना गाव असते, ना जिल्हा, ना राज्य. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी 'द्वारा ५६ एपीओ'. ते ठिकाण कुठे आहे हे आम्हाला माहीत नसते आणि आम्ही विचारतही नाही. आई मात्र त्या न पाहिलेल्या जागेचा विचार करून डबा भरते. ओले खोबरे घातलेले काहीही नाही, ते टिकत नाही. चिरोटे नाहीत, त्यांचा भुगा होतो. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा आणि चकल्या चालतात. तळताना आणि भाजताना पदार्थातले पाणी निघून जाते, म्हणून फराळ टिकतो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पदार्थ घरासाठी केले, पण लांबच्या वाटेला न्यायलाही ते उत्तम आहेत.

भाऊबीजेला बाबांचा फोन आला. आवाज मध्येच तुटत होता. आईने आधी विचारले, "डबा मिळाला का?" बाबा म्हणाले, "मिळाला. थंडीने लाडू दगड झाले होते. बुखारीवर ठेवले, मग मऊ झाले. चकल्यांचे तुकडे झाले, ते चिवड्यात मिसळले. माझ्या वाट्याला दोन लाडू आले." डब्यात चाळीस लाडू होते. आई हसली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी साठ करते." मग बहिणीने फोनसमोर तबक ओवाळले, कारण बाबांनी ओवाळणीचे पैसे आधीच पाठवले होते आणि तिच्या मते हिशेब पूर्ण व्हायला हवा होता.

त्या रात्री भांडी आवरताना आईने मला साच्यात पीठ भरायला शिकवले. मी एनडीएची तयारी करतो आहे, हे तिला माहीत आहे. ती एवढेच म्हणाली, "शिकून ठेव. काही वर्षांनी मला दोन पत्त्यांवर पार्सल करावे लागेल. एखाद्या वर्षी नाहीच पोहोचले, तर तुला स्वतःला करता यायला हवे." मी पहिल्या चार चकल्या मोडल्या, पाचवी गोल झाली.

मित्रांनो, सुट्टीवरून परतताना आपल्या प्रत्येकाच्या ट्रंकेत एक डबा असतो. कुणाची सोलापूरची कडबोळी, कुणाचा नागपूरकडचा चिवडा, कुणाचे कोकणातले लाडू. पहिल्या रात्री ते सगळे डबे डॉर्मिटरीत उघडतात आणि दुसऱ्या दिवशी रिकामे होतात. यंदा एक करू या. कुणाचे वडील ड्युटीवर असतील, कुणाचे घर फार लांब असेल, कुणी काही कारणाने घरी जाऊ शकला नसेल. डबा उघडण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढून ठेवू. मला खात्री आहे, बाबांच्या बराकीत चाळीस लाडू असेच संपले असणार.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी