पनवेलचे बंदर नि परतीचे तिकीट

पनवेलला आज आपण जातो ते मोटारीने किंवा लोकलने. त्यामुळे हे गाव एके काळी नांदते बंदर होते, हे कोणी सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. गावाला लागून गाढी नदी वाहते नि पुढे खाडीला मिळते. त्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर मुंबईच्या होड्या वर येत. पुण्याला निघालेला माणूस इथे उतरे. पुढे घोडा, पालखी, नाही तर बैलगाडी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि ही वर्दळ अधिकच वाढली. गाडीची चाके करण्याबद्दल पनवेलच्या कारागिरांचा मोठा लौकिक होता. मग १८६३ साली आगगाडी घाट चढली आणि बंदर हळूहळू मागे पडले.

ह्या वाटेने पुण्याच्या छावणीकडे जाणाऱ्या साहेबांच्या कुटुंबांत लहान मुलेही असत. परमुलखात संसार मांडणाऱ्या मडमेला पहिली गरज भासे ती मूल सांभाळणाऱ्या बाईची. ह्या बाईला ‘आया’ म्हणत. शब्द मूळचा पोर्तुगीज. पण आपल्याकडे तो असा रुळला की ‘आई’चाच कोणी नातलग वाटावा! आयेने मुलाला न्हाऊ घालावे, भरवावे, निजवावे. आणि मुलाने बोबडे बोल बोलावे ते पुष्कळदा तिच्याच भाषेत. पनवेलच्या धक्क्यावर पालख्यांची वाट पाहत, कडेवर परके मूल घेऊन अशा किती जणी उभ्या राहिल्या असतील! त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

साहेब रजेवर विलायतेला निघाला की बोटीवरही मुलांपाशी आया हवीच. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास काही आठवड्यांवर आला, आणि आयांची ही ये-जा वाढली. अँटनी परेरा नावाच्या आयेने हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामध्ये ५४ वेळा प्रवास केल्याची नोंद आहे. पण सगळ्याच काही अशा सराईत नव्हत्या. बोट किनाऱ्याला लागली की मडमेचे काम संपे. आयेच्या परतीचे काय, हा प्रश्न पुष्कळदा वाऱ्यावरच राही. १९०८ साली एका आयेच्या हातावर एक पौंड टेकवून तिला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर सोडून देण्यात आले होते.

अशा बायकांसाठी लंडनमध्ये एक वसतिगृह होते. १९०० साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आले. तिथली रीत मोठी व्यवहारी. मालकाने आयेचे परतीचे तिकीट वसतिगृहाच्या हवाली करायचे. हिंदुस्थानास निघालेल्या एखाद्या कुटुंबाला आया हवी असली की त्याने ते तिकीट विकत घ्यायचे, आणि त्या पैशातून आयेच्या मधल्या मुक्कामाचा खर्च भागायचा. म्हणजे त्या परक्या शहरात तिची सारी पत एका तिकिटावर उभी होती. २०२२ साली त्या घरावर स्मरणाची निळी पाटी लागली.

आता पुन्हा पनवेलकडे वळू. गावाच्या उंबरठ्यावर, उलव्याला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. परदेश गाठायला निघालेल्या माणसाला जुन्या खाडीचा शेजार पुन्हा लाभणार, असा हा योग. आज परदेशी संसार मांडलेत ते आपल्या मुलांनी, आणि मूल कोणी सांभाळायचे हा मडमेचा प्रश्न आता आपल्या सुनांचा नि लेकींचा झाला आहे. तिथे बाई ठेवणे परवडत नाही, पाळणाघराचे पैसे ऐकून छाती दडपते. मग इकडून आजी जाते. काही घरे मात्र ओळखीतली एखादी बाईच बरोबर नेण्याचा विचार करतात.

आजी झाली तरी ती माणूसच. तिच्या गुडघ्यांची, औषधांची, आणि ‘आता मला घरी जायचे’ म्हणण्याच्या हक्काची आधी बोलून सोय लावावी. पगारी बाईच्या बाबतीत तर नुसता शब्द पुरत नाही. घरकाम करणाऱ्यांविषयी २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक करार मंजूर केला. देशाची सीमा ओलांडण्यापूर्वी कामाच्या अटी लेखी मिळाव्यात, परतीची व्यवस्था त्यात नमूद असावी, पासपोर्ट बाईच्या स्वतःच्या ताब्यात राहावा, असे तो सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. पण त्याला अजून अंतिम मान्यता दिलेली नाही. म्हणून काय झाले? एका कागदावर पगार, सुट्टीचा वार आणि परतीचे तिकीट लिहायला आपल्याला सरकारच्या परवानगीची गरज नाही.

ज्या हातांत आपण लेकरू देतो, ते हात आपल्या घरी सुखरूप परत पोचावेत, एवढी काळजी त्या लेकराच्या आईबापांनी अवश्य घ्यावी.