फुगा

थर्ड इयरच्या सुट्टीत एका केमिकल कंपनीत ट्रेनिंगला गेलो होतो. तिथे कॉस्टिकचा सिंगल प्लंजर डोसिंग पंप होता. प्रत्येक स्ट्रोकला पाइप असा थरथरायचा, की आपल्या मेसचा मिक्सर परवडला! साहेब म्हणाले, "यासाठी डॅम्पनर निवड आणि नोट दे."

रात्र जागून व्हॉल्यूम काढला. सिंगल प्लंजर अर्धा वेळ ढकलतो, अर्धा वेळ ओढतो, म्हणून ट्रिप्लेक्सपेक्षा डॅम्पनर मोठा लागतो, एवढं पाठ होतं. ब्लॅडरसाठी बिनधास्त व्हायटॉन लिहिलं. का? तर ते महाग! नायट्रोजनचा प्रीचार्ज १० बार, कारण लाइनही १० बारची.

सकाळी फिटरकाकांनी नोट मागितली. "व्हायटॉन कॉस्टिकमध्ये टिकत नाही रे बाळा, ईपीडीएम लिही. आणि फुगा आधीच लाइनइतका गच्च भरलास तर माल शिरणार कुठे? ८ बार ठेव. डबा पंपाच्या तोंडाशीच बसव, लांब नको."

बॉईलचा नियम मला अकरावीपासून येतो. काका दहावी नापास.

मग त्यांनी बाही वर केली. कोपरापर्यंत भाजल्याचा डाग. "अशीच एक लाइन हादरून हादरून वेल्डला फाटली होती," एवढंच म्हणाले.

नोट पुन्हा लिहिली. साहेबांनी सही केली, वर "व्हेरी गुड!" काका शेजारीच पाना घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.