काळी हूडी, मागची लिफ्ट

लोअर परळ. काचेची चकाचक बिल्डिंग. दुपारचे तीन. माझ्या अंगात काळी हूडी, काळी ट्रॅकपँट, पाठीला सॅक, हातात हेल्मेट आणि कानात स्केप्टाचं ‘शटडाउन’. तीन महिने अडकलेल्या पेमेंटसाठी अकाउंट्सवाल्यांना प्रत्यक्ष गाठायचं, असा बेत होता. तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याने हात आडवा घातला.

‘डिलिव्हरी है ना? पीछे की लिफ्ट से जाओ.’

मी विचार करायच्या आत तोंड बोलून मोकळं झालं, ‘डिलिव्हरीवाला नहीं हूँ, जर्नलिस्ट हूँ!’

‘सॉरी सर,’ म्हणत त्याने दार उघडलं. माझ्या मागे खराखुरा डिलिव्हरीवाला उभा होता. साधारण माझ्याच वयाचा, माझ्यासारखीच काळी ट्रॅकपँट. तो एक शब्दही न बोलता मागच्या बाजूला वळला. माझ्या कानात गाणं चालूच होतं.

आता गंमत बघा. हे गाणं नेमकं याच गोष्टीबद्दल आहे.

फेब्रुवारी 2015 मध्ये लंडनच्या ब्रिट अवॉर्ड्सला कान्ये वेस्टने स्टेजवर आपल्यासोबत ग्राइमवाल्या पोरांची फौज उभी केली. त्यात स्केप्टाही होता. सगळे काळ्या कपड्यांत. टीव्हीवर ते बघून बरीच घरं दचकली. कोणी गायलं काय, यापेक्षा एवढी काळी पोरं काळ्या हूडीत एकत्र का उभी आहेत, याचीच भीती जास्त. त्याच वर्षी ‘शटडाउन’ आलं आणि असल्या तक्रारीचा सूर लावणारा एका बाईचा आवाज स्केप्टाने थेट गाण्यातच टाकला. व्हिडिओ शूट केला बार्बिकनमध्ये, म्हणजे लंडनच्या एकदम प्रतिष्ठित आर्ट्स सेंटरच्या आवारात. उत्तर देण्याची ही स्टाइल मला सॉलिड आवडली होती. ऐकायला आवडणं वेगळं आणि दारात उभं असताना आठवणं वेगळं, हे मात्र त्या दुपारी कळलं.

स्केप्टा म्हणजे जोसेफ अडेनुगा. जन्म 1982 चा, आईवडील नायजेरियन, वाढला उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये. सुरुवात केली डीजे म्हणून. ग्राइम हा प्रकारच मुळात घरगुती. गराज आणि जंगलचा वेग, जमैकन साउंड सिस्टीमवरून आलेली माइकवरची जुगलबंदी, आणि व्हिडिओ गेममधून उचलल्यासारखे वाटणारे टोकदार आवाज. मिनिटाला साधारण 140 ठोके. स्टुडिओ कुठला? बेडरूममधला कॉम्प्युटर. रेडिओ कुठला? उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावून चालवलेली बेकायदा स्टेशन्स.

2005 मध्ये त्याने आणि त्याचा भाऊ जेएमईने ‘बॉय बेटर नो’ हे स्वतःचं लेबल काढलं. गाण्यांइतकेच त्यांचे टी-शर्ट फेमस झाले. त्याच 2005 मध्ये केंटमधल्या ब्लूवॉटर मॉलने हूडीवर बंदी घातली. आणि लंडनच्या पोलिसांनी ‘फॉर्म 696’ आणला, तोही त्याच वर्षी. कार्यक्रम करायचा तर आयोजकांनी तो भरायचा. सुरुवातीच्या फॉर्मवर संगीत कोणत्या प्रकारचं आणि येणारे लोक कोणत्या वंशाचे, हेही विचारलेलं असायचं. तो रद्द व्हायला 2017 साल उजाडलं. थोडक्यात, कपडे बघून आणि बीट ऐकून मागच्या लिफ्टकडे पाठवायची ही सिस्टीमच होती.

मग माणूस काय करतो? समोरच्याला आवडेल असा व्हायला बघतो. स्केप्टानेही ते करून पाहिलं. 2010च्या आसपासची त्याची काही गाणी चार्टवर डोळा ठेवून पॉपकडे झुकलेली आहेत. महागड्या डिझायनर कपड्यांचा शौकही झाला. मग 2014 मध्ये आलं ‘दॅट्स नॉट मी’. तो डिझायनर थाट म्हणजे मी नव्हे, असं चारचौघांत सांगणारं. व्हिडिओचा खर्च फक्त 80 पाउंड! जुन्या व्हीएचएस कॅसेटसारखा दिसणारा. त्याच वर्षी तो मोबो अवॉर्ड्समध्ये बेस्ट व्हिडिओ ठरला. स्केप्टा पुन्हा ट्रॅकसूटमध्ये आला आणि यावेळी जग त्याच्याकडे आलं. 2016 चा ‘कोनिचिवा’ हा अल्बम स्वतःच्याच लेबलवर काढला आणि मर्क्युरी प्राइझ जिंकलं. स्पर्धेत डेव्हिड बोवी आणि रेडिओहेड होते, म्हणजे विचार करा. बक्षीस घ्यायला स्टेजवर आईवडीलही सोबत.

मी या स्टोरीच्या प्रेमात का पडलो, ते सांगतो. मास कम्युनिकेशन झाल्यावर माझी पहिली नोकरी पीआर एजन्सीत होती. ब्लेझर हप्त्यावर घेतला होता. मीटिंगमध्ये मराठी नावंसुद्धा इंग्रजी उच्चारात घ्यायचो. दोन वर्षांत मला माझाच आवाज ओळखू येईना. नोकरी सोडली, फ्रीलान्सिंग सुरू केलं, ब्लेझर कपाटात गेला आणि हूडी अंगावर आली. बाबा अजून विचारतात, ‘अरे, घरातलेच कपडे घालून कामाला निघालास?’ मी ऐटीत सांगायचो, बाबा, हा स्टेटमेंट आहे. इंडिपेंडंट!

आणि मग त्या दारात एका सेकंदात सगळं स्टेटमेंट गळून पडलं. हूडी मला हवी होती, पण हूडीवाल्याला मिळणारी वागणूक नको होती. मी सिक्युरिटीवाल्याला असं नाही म्हणालो की कोणालाच मागे का पाठवता? मी म्हणालो, मी त्यातला नाही. ‘दॅट्स नॉट मी’चा इतका उलटा अर्थ स्केप्टालाही सुचला नसता.

अर्थात, त्यालाही हा पेच सुटलेला नाही. 2017 मध्ये नाइकीसोबत त्याचा एअर मॅक्सचा जोड आला. त्याच वर्षी त्याने ‘मेन्स’ हा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड सेल्फरिजेससारख्या पॉश दुकानात लाँच केला आणि 2023 मध्ये तो लंडन फॅशन वीकला घेऊन गेला. ज्या ट्रॅकसूटला बघून मॉलवाले घाबरत होते, तोच आता रॅम्पवर. मला याचा आनंदही होतो आणि थोडं खुपतंही. कारण ट्रॅकसूट पुढच्या दाराने आत गेला, तरी तो घालणारी सगळी पोरं आत गेली असं होत नाही. स्केप्टाचं वेगळेपण एवढंच की तो ‘मी त्यातलाच’ म्हणत आत गेला.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्या बिल्डिंगमध्ये गेलो. हूडी तीच. सिक्युरिटीवाल्याने ओळखलं. ‘सर, इधर से.’ मी मान हलवली आणि मागच्या लिफ्टकडे गेलो. क्रांती वगैरे काही झाली नाही, त्याला मी येडाच वाटलो असणार. मागे एकच लिफ्ट, आठ-दहा जणांची रांग. नंबर लागायला अकरा मिनिटं लागली. पुढचा मुलगा सारखा मोबाइलवर वेळ बघत होता. मी विचारलं तर म्हणाला, ‘ऑर्डर लेट झाली की कस्टमर मलाच बोलतो. लिफ्टचं कोण ऐकतंय?’

इतके दिवस मी कस्टमर होतो. हे अकरा मिनिटांचं गणित मला माहीतच नव्हतं.

आणि पेमेंट? अकाउंट्सवाले म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की. आता मागची लिफ्ट पाठ आहे.